‘सखाराम बाइंडर’ : सोबतीचा क्रम आणि संसार

मराठी ललित वाङ्मयात स्त्रीपुरुषसंबंधांचा विचार दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : दोघांचे मीलन होणार की नाही? ना. सी. फडके यांच्या कादंबरीतील युगुलाच्या वाटेत गैरसमज येतात, वडीलधाऱ्यांचा विरोध येतो, तिसऱ्या व्यक्तीचा शिरकाव होतो. ही विघ्ने निवारली की कादंबरी संपते, आणि मीलनानंतरच्या आयुष्याकडे पाहण्याची गरज लेखकाला वा वाचकाला भासत नाही. विभावरी शिरूरकर यांनी ‘हिंदोळ्यावर’मध्ये (१९३४) हा प्रश्न पुढे नेला. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषाबरोबर जीवन जगण्याचा अधिकार आहे काय, असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल त्या काळच्या वाचकवर्गाकडून पुष्कळ सोसलेही. परंतु तेथेही दुसरा संबंध हा अखेरचा संबंध असावा, निदान तसा तो असू शकतो, ही श्रद्धा अभंग होती. एका सोबतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाणारे आणि कोठेच न ठरणारे माणूस मराठी साहित्यात आले ते बहुधा खलपुरुषाच्या किंवा पतितेच्या रूपाने. त्याच्या वर्तनाचे स्पष्टीकरण ‘चंचलपणा’ या एका शब्दात उरकून टाकण्याची सोय होती.

ही सोय विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाने काढून घेतली. १९७२ च्या मार्चमध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. सखारामच्या भूमिकेत निळू फुले आणि चंपाच्या भूमिकेत लालन सारंग होत्या. परिनिरीक्षण मंडळाने सुचविलेल्या बत्तीस काटछाटी, बंदी, मोर्चे, मुंबई उच्च न्यायालयातील लढा आणि अखेर निर्मात्यांच्या बाजूने लागलेला निकाल हा सगळा इतिहास सारंग यांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये नोंदविलेला आहे. या इतिहासाने नाटकाला कीर्ती दिली, पण त्याचे एक नुकसानही केले. नाटकाची चर्चा अश्लीलतेच्या बाजूने अथवा विरुद्ध अशी दुभंगली आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. सखाराम हा पशू आहे की प्रामाणिक माणूस, एवढ्याच प्रश्नाचा काथ्याकूट दोन्ही पक्षांनी केला. त्याच्या जीवनक्रमातील ‘क्रम’ या गोष्टीकडे, म्हणजे एकीनंतर एक असे येणे आणि जाणे यालाच जे नाट्यरूप मिळाले आहे त्याकडे, पुरेसे लक्ष गेले नाही. नाटकाचे मर्म मात्र तेथेच आहे.

सखाराम जन्माने ब्राह्मण, धंद्याने छापखान्यातील बाइंडर, बापाच्या माराला कंटाळून लहानपणी घर सोडलेला. त्याने लग्न केलेले नाही आणि करावयाचे नाही. नवऱ्याने टाकलेली, घराबाहेर काढलेली बाई तो हुडकून आणतो आणि उंबरठ्याच्या आत आल्याबरोबर तिला अटी ऐकवितो. घरातले सारे काम तिने करावयाचे, परक्या माणसासमोर डोक्यावर पदर घ्यावयाचा, मोघम बोलावयाचे नाही, आणि बायको म्हणून जे काही असते ते सारे निभवावयाचे. बदल्यात दोन वेळचे जेवण, अंगावर वस्त्र, डोक्यावर छप्पर. दोघांपैकी एकाचे मन उडाले की करार संपला. जाताना लुगडे आणि हव्या त्या गावाचे तिकीट. नाटक सुरू होते तेव्हा दारात उभी असलेली लक्ष्मी ही सातवी.

हा करार ऐकताना प्रेक्षक प्रथम दचकतो आणि मग, तेंडुलकरांच्या कौशल्यामुळे, त्याला त्यात एक प्रकारचा सडेतोडपणा दिसू लागतो. सखाराम स्वतःही याच सडेतोडपणाच्या बळावर जगाला तुच्छ लेखतो. लग्नाचे नवरे बायकोला तुडवितात आणि वर तिचे मालक म्हणून मिरवितात. आपण निदान खोटे बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. परंतु करारातील कलमे नीट पाहिली तर त्यांत लग्नाविरुद्ध असे एकही नाही. डोक्यावरचा पदर, मर्यादित बोलणे, स्वयंपाक, शय्या आणि घरात आपलाच शब्द चालेल ही ताकीद, हे सारे त्याने त्याच संसारातून उचलले आहे ज्याची तो थट्टा करतो. त्याने लग्नातून फक्त एक गोष्ट वगळली, ती म्हणजे कायमपणा. संसाराचा सारा संभार ठेवून कालावधी तेवढा काढून टाकला तर माणूस संसाराच्या जाचातून सुटेल, हा सखारामचा सिद्धांत. आणि नाटक म्हणजे या सिद्धांताची परीक्षा.

म्हणून सखारामला ‘स्थैर्य न सापडलेला माणूस’ म्हणणे हे अर्धेच खरे आहे. त्याला स्थैर्य सापडलेले आहे. सहा बाया आल्या आणि गेल्या, तरी घर तेच, मृदंग तोच, चिलीम तीच, दाऊद हा मित्र तोच आणि करारही तोच. माणसे बदलत असल्यामुळेच व्यवस्था बदलत नाही. कोणतीही बाई इतका काळ राहतच नाही की तिच्या राहण्याचा हक्क उत्पन्न व्हावा. क्रम हीच त्याची तटबंदी आहे, आणि तटबंदीच्या आत तो स्वतःला राजा समजतो.

या क्रमाकडे केवळ सखारामच्या बाजूने पाहण्याची सवय समीक्षकांना लागली, कारण नाटकाचे नाव त्याचे आहे आणि मोजणीही तोच करतो : पहिली, दुसरी, सातवी. प्रत्यक्षात जागचा हालत नाही तो सखाराम. हालतात त्या बायका. लक्ष्मी नवऱ्याच्या घरातून सखारामकडे येते, तेथून अमळनेरला नातेवाइकांकडे जाते आणि पुन्हा सखारामकडे परतते. चंपा फौजदार शिंद्याकडून सखारामकडे आणि सखारामच्या घरी असतानाच दाऊदकडे जाते. एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा क्रम या दोघींच्या आयुष्यातही आहे. पण सखारामच्या क्रमाला जर लहर म्हणावयाचे, तर यांच्या क्रमाला निवारा शोधणे म्हणावे लागेल. हा भेद नाटकात कोणी बोलून दाखवीत नाही. रंगमंचावरील दोन खोल्याच तो दाखवितात : बाई दारातून आत येते ती बोचके घेऊन, सखाराम बाहेर जातो आणि येतो तो रिकाम्या हातांनी.

येथे थोडे कायद्याकडे वळणे अस्थानी ठरू नये. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार १९४७ च्या कायद्याने मिळाला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर आला, आणि ज्या जातींत काडीमोड व पाट यांची रूढी पूर्वापार होती तिलाही त्याने धक्का लावला नाही. म्हणजे ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले तेव्हा या अधिकाराला पाव शतक लोटले होते. तरीही लक्ष्मीला वा चंपाला कचेरीची पायरी आठवत नाही. त्यांच्या दृष्टीने नवऱ्याचे घर सुटणे ही कायद्याची बाब नसून हवामानासारखी घटना आहे. पाऊस आला की माणूस मिळेल त्या आडोशाला उभे राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश सहजीवनालाही संरक्षण दिले. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सहजीवनाची लक्षणे सांगितली आणि दोघेही कायदेशीर लग्नास पात्र, म्हणजे अविवाहित असावेत हे त्यांपैकी एक लक्षण ठरविले. पहिला नवरा जिवंत असलेली चंपा त्या कसोटीलाही उतरणार नाही. सखारामच्या घरातील बाया कोणत्या अंधारात उभ्या आहेत याची कल्पना यावरून यावी.

लक्ष्मीचे चित्रण हा या नाटकातील सर्वांत सूक्ष्म भाग आहे. ती देवभोळी, मुकाट, मार खाणारी. इतकी की तिच्याकडे पाहून प्रेक्षकाला प्रथम केवळ कणव वाटते. पण ती घरात एकटी असताना एका मुंगळ्याशी बोलते, त्याला दटावते, त्याच्याशी हसते. बाहेरून येणाऱ्या सखारामला ते हसू ऐकू येते आणि तो अस्वस्थ होतो. त्याच्या करारात हसण्याचे कलम नव्हते. जे करारात नाही आणि तरीही घरात आहे, असे काहीतरी प्रथमच त्याच्या समोर येते. आणि ते त्याच्यासाठी नसून एका किड्यासाठी आहे. त्यानंतरचा रात्रीचा प्रसंग, अंधारात वेदनेने विव्हळणाऱ्या लक्ष्मीला तसेच हसून दाखविण्याची सक्ती करणारा सखारामचा आवाज, हा मराठी रंगभूमीवरील अत्यंत क्रूर प्रसंगांपैकी एक आहे. ज्या काळात या नाटकावर अश्लीलतेचा आरोप झाला त्या काळात या प्रसंगाची चर्चा शरीरसंबंधाच्या अंगाने झाली. वास्तविक येथे सखाराम शरीर मागत नाही. ते त्याला कराराने मिळालेलेच आहे. तो प्रीती मागतो, आणि ती मागण्याचा हुकुमाव्यतिरिक्त दुसरा मार्ग त्याला ठाऊक नाही.

लक्ष्मी जाते, पण पूर्वीच्या सहाजणींसारखी जात नाही. सखाराम स्नान करू लागलेला असतो, देवपूजा करू लागलेला असतो. गणपतीच्या आरतीत दाऊदने सहभागी होण्यास लक्ष्मीने विरोध केला म्हणून त्याने तिला पट्ट्याने फोडून काढले हे खरे. पण आरती घरात होत होती, हेही खरे. ज्याने ब्राह्मण्याचा, कुटुंबाचा, देवधर्माचा त्याग करून स्वतःला घडविले त्याच्या घरात सातव्या बाईने देव आणून ठेवला. तिच्या बाजूने पाहिले तर तिने करार कधी मान्य केलाच नव्हता. पुढे कळते की सखारामला मनाने नवरा मानून ती राहिली होती. एकाच छपराखाली एकजण तात्पुरत्या सोबतीत होता आणि दुसरी संसारात. दोघांचे शब्द तेच होते, काळ वेगळे होते.

चंपाच्या आगमनाने नाटकाचा सूर बदलतो. ती चहा करीत नाही; करावयास लावते. कामाची आज्ञा ती ऐकून घेत नाही, आणि सखारामचे भाषण, जे लक्ष्मीने मान खाली घालून ऐकले, ते तिच्यापुढे हास्यास्पद होते. सखाराम तिच्या शरीराने इतका भारून जातो की छापखान्यात जाणे टाळू लागतो. शिंद्याने तिला कोवळ्या वयात विकत घेतल्यासारखी आणली आणि छळली. त्या छळातून तिच्यात पुरुषाच्या स्पर्शाविषयी जी किळस बसली ती सखारामकडे येऊनही गेलेली नाही. ती दारू पिते आणि मग त्याच्या अधीन होते.

या दारूपाशी क्षणभर थांबावे लागते. मराठी नाटकाला दारू नवीन नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) सुधाकर पितो आणि सिंधू सोसते, पुरुषाचे व्यसन आणि स्त्रीचे पातिव्रत्य यांचे नाते तेथे पक्के झाले आणि पुढची कित्येक दशके ते ढळले नाही. तेंडुलकरांनी प्याला स्त्रीच्या हाती दिला. सुधाकर पितो तो स्वतःचा अपमान विसरण्यासाठी. चंपा पिते ती स्वतःचा देह काही तासांपुरता दूर ठेवण्यासाठी. व्यसन आणि सोसणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्या आहेत. आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मी आहे, म्हणजे सुधाकराविना सिंधू : पातिव्रत्य संपूर्ण शाबूत, फक्त ज्याच्यावर ते वाहावयाचे तो पती नव्हे. गडकऱ्यांच्या नायिकेची दोन शकले करून तेंडुलकरांनी एकाच घरात ठेवली, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

तेंडुलकरांच्या प्रतिभेला हा विषय नवा नव्हता. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील (१९६७) लीला बेणारे हिच्या आयुष्यातही एकामागून एक पुरुष येतात : कोवळ्या वयात सख्खा मामा, पुढे विद्वान आणि विवाहित प्रोफेसर दामले, आणि पोटात मूल असताना केवळ त्या मुलाला नाव मिळावे म्हणून पोंक्षे व रोकडे यांच्याकडे केलेली लग्नाची याचना. अभिरूप न्यायालयातील साक्षी या क्रमाची यादी वाचून दाखवितात आणि यादी हाच आरोप ठरतो. एक पुरुष असता तर शोकांतिका, दोन असले तर चारित्र्य, चार असले तर खटला. सखारामची मोजणी तो स्वतः करतो आणि अभिमानाने करतो. बेणारेची मोजणी इतर करतात. एवढ्या एका फरकात समाजाची सारी नीती सामावली आहे.

याच सुमारास मद्रास शहरात जयकांतन यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू लिहिली होती. पावसाच्या दिवशी अनोळखी माणसाच्या मोटारीत चढलेल्या मुलीची त्यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही कथा १९६६ ची. त्या कथेत आई मुलीच्या डोक्यावरून पाणी ओतते आणि घटना संपली असे मानते. ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’ (१९७०) या कादंबरीत तीच घटना संपत नाही, आणि या कादंबरीला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा वर्ष १९७२ होते, म्हणजे ‘सखाराम बाइंडर’चेच. कादंबरीतील गंगा शिकते, मोठ्या हुद्द्याची नोकरी करते; पण तिच्या मामाच्या मते जगात तिच्यासाठी एकच पुरुष उरलेला आहे, तो मोटारीतला. गंगा त्याला खरोखरच हुडकून काढते. तिची आणि प्रभाकरची मैत्री होते. शय्येचा संबंध होत नाही. आणि तो दूर झाल्यावर तिच्याही हाती प्याला येतो. बेणारे एकाकडून दुसऱ्याकडे जाते म्हणून दोषी ठरते. गंगेला एकापलीकडे जाताच येत नाही. दोघींच्या कथेत मामा हे पात्र आहे, एकीच्या आयुष्यात प्रियकर म्हणून आणि दुसरीच्या आयुष्यात धर्मशास्त्राचा अर्थ सांगणारा व स्वतःच तिच्यावर डोळा असलेला पालक म्हणून. मुंबईचा नाटककार आणि मद्रासचा कादंबरीकार यांना परस्परांचे लेखन पाहण्याची गरज पडली नसावी. कुटुंबव्यवस्था दोघांच्या डोळ्यांसमोर होतीच.

गौरी देशपांडे यांच्या नायिका या चर्चेत वारंवार उदाहरणादाखल घेतल्या जातात. ‘एकेक पान गळावया’पासून (१९८०) त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत स्त्री एका पुरुषाच्या प्रेमातून बाहेर पडून दुसऱ्याच्या प्रेमात पडते, त्याची कबुली देते आणि क्षमा मागत नाही. मराठी गद्यात ही मोठीच घटना होती. परंतु देशपांडे यांच्या नायिकेजवळ शिक्षण आहे, बहुधा स्वतःची मिळकत आहे, परदेशी जाण्याची मोकळीक आहे. तिची अस्थिरता ही शोध या शब्दाला पात्र ठरते, कारण शोध सोडून देण्याचा पर्यायही तिच्याजवळ असतो. लक्ष्मी आणि चंपा यांच्या संदर्भात ‘शोध’ हा शब्द वापरणे म्हणजे त्यांच्या दारिद्र्यावर अलंकार चढविणे होय. हे देशपांडे यांच्या लेखनाचे न्यून नव्हे. त्यांचे जग वेगळे आहे एवढेच. न्यून आहे ते दोन्ही जगांना ‘मुक्त स्त्री’ या एकाच नावाने हाक मारणाऱ्या समीक्षेचे.

पुन्हा सखारामच्या घराकडे वळू. अमळनेरला चोरीचा आळ घेऊन लक्ष्मीला बाहेर काढले जाते आणि ती परत येते. करारात परत येण्याची तरतूद नाही. सखाराम तिला मारतो, हाकलतो. तिला ठेवून घेते ती चंपा, आणि ज्या कारणाने ठेवून घेते ते ध्यानात घेण्याजोगे आहे. घर आणि पुरुष ही दोन्ही ओझी आपल्याच्याने वाहवत नाहीत. तेव्हा लक्ष्मीने घर सांभाळावे, आपण दुसरे पाहू, अशी ती वाटणी करते. येथे चंपाने नकळत सखारामच्या कराराचे पोट फाडून दाखविले आहे. बायको या एका शब्दात त्याने दोन नोकऱ्या कोंबल्या होत्या. त्या दोघींनी आपसांत वाटून घेतल्या. दोन परित्यक्ता स्त्रियांमधील हा समझोता या नाटकातील एकमेव करार आहे जो दोन्ही पक्षांच्या गरजेतून झाला, आणि तो काही दिवस चांगला चालतोही.

बिघडतो तो सखाराम. लक्ष्मी घरात आल्यापासून चंपाजवळ त्याचे पुरुषत्व लोपते. याचा अर्थ काहींनी लक्ष्मीच्या संस्कारांचा विजय असा लावला, काहींनी सखारामच्या मनात दडलेल्या ब्राह्मण्याचे पुनरागमन असा. दोन्ही अर्थांत तथ्य आहे. पण नाटकाची रचना त्यांहून साधे आणि अधिक भयंकर असे काही सांगते. स्थूलमानाने पहिला अंक लक्ष्मीचा, दुसरा चंपाचा आणि तिसरा दोघींचा आहे. पहिल्या दोन अंकांत क्रम आहे. तिसऱ्यात क्रम मोडून सहवास सुरू झाला. एकीनंतर दुसरी असे असते तोवर मागची बाई म्हणजे केवळ आकडा असतो. मागची बाई स्वयंपाकघरात बसून देवाचे नाव घेऊ लागली की आकड्याला डोळे फुटतात. त्या डोळ्यांत सखाराम नवरा आहे. नवरा ठरला की चंपाजवळ जाणे हा व्यभिचार ठरतो, आणि ज्याने आयुष्यभर लग्न नाकारले तो लग्नाच्या नियमाने बांधला जातो. काल तोडून टाकला की संसाराचा जाच संपेल, हा त्याचा सिद्धांत येथे कोसळतो. कारण काल त्याने तोडला तो फक्त स्वतःच्या बाजूने.

एक आक्षेप नोंदविला पाहिजे. दाऊद हे पात्र नाटककाराने पुरेसे घडविलेले नाही. पहिल्या अंकात तो सखारामचा सोबती आणि त्याच्या भाषणांचा श्रोता आहे. तिसऱ्या अंकात तो एकाएकी चंपाचा प्रियकर होतो, आणि हा संबंध प्रेक्षकाला कळतो तो लक्ष्मीने पाळत ठेवून केलेल्या चुगलीतून. पुरुषाच्या स्पर्शाची एवढी किळस असलेली चंपा दाऊदकडे का जाते? तेथे तिला प्यावे लागत नसेल काय? नाटकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कदाचित हाच असावा, आणि तो पडद्यामागे राहिला. जेथे कराराशिवाय, अटीशिवाय, निवाऱ्याच्या आशेशिवाय एक स्त्री एका पुरुषाकडे गेली, तेथे नाटककाराने प्रेक्षकाला जाऊ दिले नाही. रचनेची गरज म्हणून हे समजण्यासारखे आहे : सारे नाट्य त्या दोन खोल्यांत कोंडलेले असावे, बाहेरच्या हवेची झुळूकही येऊ नये, असा तेंडुलकरांचा आग्रह दिसतो. परंतु त्यामुळे चंपाचा मृत्यू हा चंपाच्या आयुष्याचा शेवट न वाटता सखारामच्या आयुष्यातील एक घटना वाटतो, आणि हे तिच्यावर दुसऱ्यांदा झालेले अन्यायाचे कृत्य आहे. लालन सारंग यांच्या अभिनयाने ही उणीव बरीचशी झाकली, असे त्या प्रयोगांच्या प्रेक्षकांचे मत दिसते. संहिता वाचताना ती झाकली जात नाही.

तसाच एक आक्षेप शिंद्याच्या प्रवेशांविषयी घेतला गेला आहे, पण तो टिकणारा नाही. चंपाच्या हातचा बेदम मार खाऊनही तिच्याच दाराशी घोटाळणारा हा माजी फौजदार आणि त्याला चोरून अन्न देणारी लक्ष्मी यांचे प्रवेश विनोदासाठी आलेले नाहीत. लक्ष्मीच्या लेखी शिंदे कसाही असला तरी ‘नवरा’ आहे, आणि चंपा नवऱ्याला मारणारी बायको आहे. चंपाच्या दयेने घरात राहिलेली लक्ष्मी तिच्याविषयीचा निवाडा येथेच करून टाकते. पुढे सखारामने तिला घर सोडण्यास निर्वाणीचे बजावताच ती जे बोलते ते भीतीपोटी बोलते हे खरे, पण त्या शब्दांना निवाड्याची धार आधीच आलेली असते.

सखाराम चंपाचा गळा दाबतो. त्यानंतरच्या काही क्षणांत रंगमंचावर जे घडते ते खुनाहून अधिक विचारात पाडणारे आहे. इतका वेळ घरात ज्याचा आवाज चालला तो पुरुष सुन्न उभा राहतो, आणि आवाज चढतो तो लक्ष्मीचा. ती घाबरत नाही. पापी होती, गेली, असे ती त्याला समजावते. प्रेत येथेच पुरू, विचारले तर कोठे निघून गेली म्हणून सांगू, आणि आपण तुमच्या जवळच राहू, मरेपर्यंत राहू, असा तिचा भाव. ज्या घरात कोणीही वर्षाहून फारसे राहिले नाही त्या घरात अखेर कायमची सोबत आली. सखारामला आता लक्ष्मीला काढता येणार नाही, आणि लक्ष्मीला कोणी काढू शकणार नाही. दोघांमध्ये असे बंधन पडले आहे जे सप्तपदीने पडत नाही. कोणत्याही स्त्रीला निवाऱ्याची शाश्वती न देणाऱ्या व्यवस्थेत एका स्त्रीला ती मिळाली, ती दुसरीच्या प्रेतावर. लक्ष्मीला राक्षसी ठरवून हा शेवट सोपा करणारे प्रयोग होऊ शकतात. पण तसे केल्यास ती पहिल्या अंकात बोचके घेऊन दारात उभी होती याचा विसर पडतो. कुदळ उचलताना तिचे हात कापत नाहीत, कारण घर टिकविण्याचे काम तिने आजवर असेच केलेले आहे : मुकाट्याने, मनापासून आणि कोणी सांगितल्यावाचून.